एरोस्पेसचे एम.टेक. आणि चाचणीची खोली

बोईसर-तारापूर पट्ट्यात मेकॅनिकलची पदवी घेतलेल्या मुलामुलींच्या पुढच्या वाटा साधारण ठरलेल्या असतात. एमआयडीसीत ट्रेनी म्हणून लागायचे, अणुऊर्जा केंद्राच्या भरतीची वाट पाहायची, नाहीतर लोकल पकडून मुंबईतली सॉफ्टवेअरची नोकरी गाठायची. एरोस्पेस हा विषय श्रीहरिकोटा, बंगळुरू किंवा थेट अमेरिकेचा, असा आपल्याकडचा समज आहे. पण या विषयात एम.टेक. आणि पीएच.डी. करता येणारा देशातला एक जुना आणि मोठा विभाग पवईला, आयआयटी मुंबईत आहे. बोईसर ते चर्चगेट हे अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास, आणि पवईसाठी तर अंधेरी-जोगेश्वरीलाच उतरायचे. एप्रिल २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल धावते आहे. त्यामुळे अंतराची अडचण फारशी उरलेली नाही. तिथे दोन-तीन किंवा पाच वर्षे घालवल्यावर विद्यार्थ्याच्या हाताला नेमके काय लागते, याची चौकशी मात्र फार कमी जण करतात. या लेखात ती चौकशी करायची आहे.

माझे मत आधीच सांगतो. या विषयात संस्थेच्या नावापेक्षा चाचणीची खोली महत्त्वाची. ज्या विभागात वाऱ्याचा बोगदा चालू आहे, इंजिन पेटवून पाहण्याचा टेस्ट स्टँड आहे, पत्रा वाकवून-तोडून पाहण्याचे यंत्र आहे आणि विद्यार्थ्याला त्यावर स्वतः काम करू देतात, तिथली पदवी पुढे आयुष्यभर उपयोगी पडते. या गोष्टी फक्त माहितीपुस्तकातल्या छायाचित्रात असतील, तर तिथे जाण्याआधी दोनदा विचार करावा.

या मताला भारतात इतिहासाचा आधार आहे, आणि त्याची सुरुवात एका मराठी माणसापासून होते. विष्णू माधव घाटगे कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचे, जन्म १९०८ चा. ते जर्मनीत ग्योटिंगेनला गेले आणि १९३६ साली लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. प्रांटल म्हणजे विमानाच्या पंखाला चिकटून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थराचे, बाउंडरी लेअरचे, गणित मांडणारे शास्त्रज्ञ. त्यांची ग्योटिंगेनमधली शाळा ही आधी प्रयोगाची शाळा होती. पाण्याच्या हौदात प्रवाह दिसू लागले की त्यांची समीकरणे मांडायची, हा तिथला क्रम. घाटग्यांनी हीच सवय भारतात आणली. वालचंद हिराचंद यांनी १९४० साली बंगळुरूला विमानांचा कारखाना काढला होता आणि शेजारीच भारतीय विज्ञान संस्था होती. तिथे १९४२ च्या अखेरीस एरोनॉटिकल इंजिनिअरिंगचे पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले, तेव्हा त्याची धुरा घाटग्यांकडे होती. पुढे कारखान्यात जाऊन त्यांनी एचटी-२ हे शिकाऊ विमान घडवले आणि ऑगस्ट १९५१ मध्ये ते उडाले. संपूर्ण भारतीय आराखड्याचे ते पहिले विमान ज्याने घडवले, त्यानेच या विषयाचे पहिले वर्गही घेतले. वर्ग आणि कारखाना एकाच माणसाच्या दिवसाचे दोन भाग होते. पुढच्या पिढ्यांत ही जोड सैल होत गेली, हे या क्षेत्रातले मोठे नुकसान आहे असे मला वाटते.

हाताने केलेल्या संशोधनाला इतके महत्त्व का, हे शॉक टनेलच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. आवाजाच्या पाचपट वा त्याहून अधिक वेगाने जाणाऱ्या वस्तूभोवती हवा कशी वागते, हे अशा बोगद्यात पाहतात. एका नळीत जास्त दाबाचा वायू भरायचा, पुढच्या नळीत कमी दाबाचा, आणि मधे धातूचा पातळ पडदा. दाब वाढत जाऊन पडदा फाटला की धक्कालहर पुढे धावते आणि टोकाच्या नोझलमधून अतिवेगवान प्रवाह प्रतिकृतीवर आदळतो. मोजणीला मिळणारा काळ काही मिलिसेकंदांचा. तेवढ्यात दाबाचे आणि उष्णतेचे संवेदक आपापले आकडे देतात आणि प्रयोग संपतो. मग नळी उघडायची, फाटलेल्या पडद्याचे तुकडे काढायचे, नवा पडदा बसवायचा, निर्वात पंप लावायचा आणि वाट पाहायची. एका दिवसात असे मोजकेच ‘शॉट’ होतात. संवेदकाची तार थोडी सैल राहिली, पडदा वेडावाकडा फाटला, ट्रिगर उशिरा लागला, की तो शॉट वाया. या कामातून विद्यार्थी शिकतो ते मोजमापावर किती विश्वास ठेवायचा हे. पुस्तकातला आकडा आणि नळीतला आकडा जुळत नाही, तेव्हा चूक कुठे शोधायची, याची समज फक्त अशा खोलीत येते. पवईच्या विभागात असा शॉक टनेल आहे, कमी वेगाचे वाऱ्याचे बोगदे आहेत, ज्वलनाच्या प्रयोगशाळा आहेत. फुग्यांवर आणि हवेपेक्षा हलक्या वायुयानांवर काम करणारा गटही आहे. तिथले एम.टेक. चार शाखांत विभागलेले आहे : एरोडायनॅमिक्स, डायनॅमिक्स अँड कंट्रोल, प्रोपल्शन आणि स्ट्रक्चर्स.

आता या पदवीचा सांगाडा पाहू, कारण खरी अडचण तिथेच आहे. गेट परीक्षेतून येणारा नेहमीचा विद्यार्थी दोन वर्षांसाठी येतो. पहिल्या वर्षाचा बहुतेक वेळ वर्गातल्या अभ्यासक्रमात जातो आणि प्रबंधासाठी साधारण एक वर्ष उरते. एका वर्षात प्रयोगाची नवीन मांडणी, म्हणजे रिग, उभारणे जवळजवळ अशक्य. कार्यशाळेत भाग करून घ्यायला महिने लागतात, संवेदक परदेशातून यायचा तर त्याहून जास्त. म्हणून विद्यार्थी संगणकावरच्या सिम्युलेशनकडे वळतो. सीएफडी, म्हणजे प्रवाहाची समीकरणे संगणकावर सोडवण्याचे तंत्र, हे उत्तम आणि आवश्यक साधन आहे आणि त्याशिवाय आज एकही विमान बनत नाही. पण सिम्युलेशन पडताळायला प्रयोगाचे आकडे लागतात. ते दुसऱ्या कुणाच्या जुन्या शोधनिबंधातून उचलायचे आणि आपला आलेख त्यावर बसवून दाखवायचा, एवढ्यावर अनेक प्रबंध संपतात. असा प्रबंध लिहिणारा हुशार असतो, मेहनतीही असतो, पण त्याने स्वतः काहीच मोजलेले नसते. नोकरीच्या मुलाखतीत हे दहा मिनिटांत उघडे पडते.

यावर एक जुना उपाय आयआयटी मुंबईतच आहे आणि बाहेर तो फारसा कुणाला माहीत नाही. रिसर्च असिस्टंट म्हणून एम.टेक.ला प्रवेश घेतला तर पदवीला तीन वर्षे लागतात, आणि त्या काळात विद्यार्थी विभागातल्या प्रयोगशाळांच्या किंवा प्रकल्पांच्या कामाची जबाबदारी उचलतो. एक वर्ष जास्त जाते म्हणून पालक नाखूश असतात. मी म्हणेन, एरोस्पेसमध्ये हे तिसरे वर्षच सगळ्यात मोलाचे. त्या वर्षी पंप बिघडतो, गळती शोधावी लागते, कॅलिब्रेशन पुन्हा करावे लागते आणि नव्या मुलांना यंत्र शिकवावे लागते. संशोधनाची सवय अशाच कामांतून लागते.

विद्यार्थ्यांच्या हातात खरे काम दिले की काय होते, याचे महाराष्ट्रातले चांगले उदाहरण म्हणजे ‘प्रथम’ हा उपग्रह. आयआयटी मुंबईतल्या एरोस्पेसच्या दोन विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये तो मनात घेतला. सप्तर्षी बंदोपाध्याय आणि शशांक तामसकर ही त्यांची नावे. उपग्रह सुमारे १० किलोचा. त्याने जमिनीकडे दोन वारंवारतांचे रेडिओ संदेश पाठवायचे आणि आयनोस्फिअरमधून येताना त्यांचे ध्रुवीकरण किती वळले, हे जमिनीवर मोजायचे. त्यावरून वाटेतल्या इलेक्ट्रॉनांची संख्या काढता येते, आणि जीपीएसच्या अचूकतेशी या संख्येचा थेट संबंध आहे. देशातल्या अनेक महाविद्यालयांनी यासाठी आपापल्या गच्चीवर अँटेना उभारून ग्राउंड स्टेशने केली. उपग्रह उडाला २६ सप्टेंबर २०१६ रोजी, पीएसएलव्ही-सी३५ वर. नऊ वर्षांत विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्या आल्या आणि गेल्या. सुरुवात करणारे तोवर केव्हाच पदवी घेऊन बाहेर पडले होते. वेळ फार लागला, अशी टीका यावर होते आणि ती खोटी नाही. तरीही कंपन चाचणी, निर्वात कक्षातली उष्णता चाचणी, इस्रोच्या तज्ज्ञांपुढचे आढावे या सगळ्यांतून त्या मुलांना जे मिळाले, ते कोणत्याही अभ्यासक्रमात बसवता येणार नाही. पुण्याच्या सीओईपीचा ‘स्वयम्’ हा सुमारे एक किलोचा उपग्रह त्याच वर्षी २२ जूनला पीएसएलव्ही-सी३४ वरून गेला. तो पदवीच्या विद्यार्थ्यांचा होता, आणि त्याची दिशा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या आधारे, वीज न खर्चता स्थिर ठेवण्याची कल्पना त्यांनी वापरली होती.

‘प्रथम’च्या गटातूनच पुढे एक कंपनी निघाली. त्या प्रकल्पाचे नेतृत्व केलेले तुषार जाधव आणि अष्टेश कुमार यांनी २०१७ मध्ये मनस्तु स्पेस सुरू केली. उपग्रहाच्या छोट्या इंजिनांत हायड्रॅझिन वापरण्याची जुनी पद्धत आहे आणि ते रसायन अतिशय विषारी. त्याऐवजी ही कंपनी हायड्रोजन पेरॉक्साइडवर आधारलेले इंधन वापरते. तारापूरच्या कामगाराला पेरॉक्साइड नवे नाही. कापडाच्या प्रोसेस हाउसमध्ये ब्लीचिंगला तेच लागते, फक्त कमी तीव्रतेचे. तीव्रता ९० टक्क्यांपर्यंत नेली आणि ते योग्य उत्प्रेरकावरून सोडले, तर त्याची वाफ आणि ऑक्सिजन होतो आणि तापमान ७०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. ही वाफ नोझलमधून सोडली की झाले इंजिन. समीकरण एका ओळीचे आहे, खरी मेहनत उत्प्रेरकाच्या थरात असते. तो तुटू नये, थंड असतानाही लगेच काम करू लागावा, शेकडो वेळा चालू-बंद झाला तरी टिकावा. यासाठी टेस्ट स्टँडवर चाचण्यांमागून चाचण्या कराव्या लागतात. डिसेंबर २०२४ मध्ये पीएसएलव्ही-सी६० च्या चौथ्या टप्प्यावर, पोएम-४ या मंचावर, या कंपनीचा थ्रस्टर अवकाशात गेला. त्या एका मंचावर २४ प्रयोग होते, त्यांतले १० इस्रोबाहेरच्या संस्थांचे. रॉकेटचा वापरून झालेला टप्पा प्रयोगशाळा म्हणून देण्याची ही सोय विद्यार्थ्यांसाठी अलीकडच्या काळातली सगळ्यात मोठी आहे. त्याआधी आयआयटी मुंबईच्याच माजी विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये आयडियाफोर्ज काढून ड्रोन बनवायला घेतले होते. आज ती नवी मुंबईतली मोठी ड्रोन कंपनी आहे.

महाराष्ट्रात पवईखेरीज पुण्याजवळ गिरीनगरला डीआयएटी आहे. संरक्षण खात्याची ही संस्था १९५२ पासूनची. तिथेही एरोस्पेसचे एम.टेक. आहे आणि शेजारी डीआरडीओच्या प्रयोगशाळा आहेत, म्हणून विषय प्रत्यक्ष कामातून येतात. ओझरला एचएएलचा कारखाना आहे. मिग आणि सुखोई तिथे जुळवले गेले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथे तयार झालेले तेजस एमके-१ए उडाले. ओझरला पदवी मिळत नाही, पण तिथल्या अभियंत्यांना ती हवी असते, हे लक्षात ठेवावे. राज्याबाहेर बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, कानपूर, खरगपूर आणि चेन्नईच्या आयआयटी, तिरुवनंतपुरमची आयआयएसटी ही नावे आहेत. त्यांत चेन्नईची गोष्ट वेगळी सांगावीशी वाटते. तिथल्या ज्वलन-संशोधनाच्या वातावरणातून अग्निकुल ही कंपनी वाढली आणि ३० मे २०२४ रोजी तिने त्रिमितीय छपाईने बनवलेल्या इंजिनावर आपले यान उडवले. चाचणीची खोली मोठी असली की पुढे काय घडू शकते, ते तिथे दिसले.

परदेशाचे आकर्षण समजण्यासारखे आहे आणि वसई-पालघरमधली मुलेही मोठ्या संख्येने जातात. अमेरिकेच्या बाबतीत एक गोष्ट जाण्याआधी माहीत हवी. रॉकेट, उपग्रह, लष्करी विमाने यांचे तंत्रज्ञान तिथे ‘आयटार’ नावाच्या निर्यात-नियंत्रणाखाली येते. त्यामुळे परदेशी नागरिकाला कित्येक प्रयोगशाळांचे आणि बहुतेक अवकाश कंपन्यांचे दरवाजे बंद असतात. विद्यापीठ नामांकित असते, पण ज्या खोलीत खरे यंत्र आहे तिथे प्रवेश नसतो. एम.एस. करताना प्रबंध न लिहिता नुसते कोर्स पूर्ण करण्याचीही मुभा अनेक ठिकाणी असते, आणि मोठे कर्ज काढून गेलेला विद्यार्थी घाईत तीच वाट धरतो. त्यापेक्षा जर्मनी-नेदरलँड्समधली विद्यापीठे या विषयासाठी बरी. श्टुटगार्ट आणि डेल्फ्टला विद्यार्थ्यांचे रॉकेट गट आहेत आणि प्रबंध सक्तीचा आहे.

पैशाचे बोलायलाच हवे, कारण आपल्याकडे निर्णय त्यावरच अडतो. गेटमधून एम.टेक.ला आलेल्याला महिना १२,४०० रुपये मिळतात. बोईसरच्या कारखान्यातला नवा इंजिनिअर याहून जास्त कमावतो, आणि घरी हप्ते असतील तर आईवडिलांचे मन वळवणे कठीण जाते. पीएच.डी.चे चित्र बरे आहे. जानेवारी २०२३ पासून फेलोशिप पहिली दोन वर्षे ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये आहे. पंतप्रधान संशोधन फेलोशिप सत्तर हजारांपासून सुरू होते. पालघर हा आदिवासीबहुल जिल्हा आहे. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाकडून दरवर्षी ७५० संशोधन फेलोशिप मिळतात आणि पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या योजनाही आहेत. बार्टी, सारथी आणि महाज्योती यांच्या फेलोशिप आपापल्या गटांसाठी आहेत. जव्हार-मोखाड्यातल्या आश्रमशाळेतून इंजिनिअर झालेल्या मुलीला हे कुणी वेळेवर सांगत नाही. अर्जाची मुदत गेल्यावर कळते, आणि याचा मला मनापासून राग येतो.

तारापूरच्या मुलाला या विषयात काही वाढीव बळ आहे का? आहे, असे मी ठामपणे म्हणेन. तारापूरची पहिली दोन अणुभट्टी युनिटे १९६९ ची, वीज बनवणारी देशातली पहिली. पुढची दोन, ५४० मेगावॅटची, २००५ आणि २००६ ची. उकळत्या पाण्याच्या भट्टीत इंधनाच्या नळीवरून वाफ-पाण्याचे मिश्रण वाहताना उष्णता किती वेगाने निघून जाते, हा तिथला पायाभूत प्रश्न. रॉकेटच्या नोझलची भिंत थंड ठेवताना जे शास्त्र लागते, तेच हे. या पट्ट्यातल्या फॅब्रिकेशनच्या कारखान्यांत दाबपात्रे बनतात, जोडांचे रेडिओग्राफीने आणि अल्ट्रासोनिकने परीक्षण होते, डाय पेनिट्रंट लावून केसाएवढी भेग शोधतात. अशा, वस्तू न तोडता केलेल्या तपासणीचे, म्हणजे एनडीटीचे, प्रमाणपत्र घेतलेली मुले बोईसरमध्ये सहज भेटतील. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याचे २.८ मीटर व्यासाचे पोलादी कवच याच प्रकारच्या कामाने बनते. पवईच्या एल अँड टी कारखान्यात आणि वालचंदनगरला ती कवचे तयार झाली आहेत, आणि विक्रोळीच्या गोदरेजमध्ये रॉकेटची ‘विकास’ इंजिने. एखाद्या प्रयोगशाळेत दाबाची नळी गळत असेल, तर नुसती समीकरणे येणाऱ्यापेक्षा वेल्ड ओळखणारा विद्यार्थी आधी उपयोगी पडतो. अशा विद्यार्थ्याला मुलाखतीत स्वतःचे हे ज्ञान मांडता येत नाही, कारण ते ज्ञान आहे असे त्याला कुणी म्हटलेलेच नसते.

अणुऊर्जा खात्याने शिक्षण आणि काम यांची सांगड फार पूर्वी घातली. भाभा केंद्राची प्रशिक्षण शाळा १९५७ ची. तिथे पदवीधराला वर्षभर शिकवून थेट कामावर घेतात आणि पुढे होमी भाभा राष्ट्रीय संस्थेमार्फत एम.टेक. व पीएच.डी.ही करता येते. अवकाश खात्याने २००७ मध्ये आयआयएसटी काढली, ती याच जातकुळीतली. विमान क्षेत्रात अशी घट्ट साखळी झाली नाही. तिथे नोकरी सांभाळून बाहेरून नोंदणी करण्याची वाट आहे. तेजस प्रकल्पाचे नेतृत्व केलेले कोटा हरिनारायण यांनी पीएच.डी. आयआयटी मुंबईतून केली होती. काम करणारा अभियंता आपला प्रश्न घेऊन विद्यापीठात येतो, तेव्हा प्रबंधाचा विषय शोधावा लागत नाही.

पवईचे संशोधन पालघरला पूर्वीही आले आहे, आणि ते चांगले रुजले. आयआयटी मुंबईच्या इलेक्ट्रिकल विभागाने ‘ग्राममार्ग’ प्रकल्पात टीव्हीच्या रिकाम्या वारंवारता वापरून या जिल्ह्यातल्या खामलोलीसारख्या गावांत इंटरनेट पोचवले. पुढे २५ गावांपर्यंत ते काम वाढले आणि २०१७ मध्ये मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळाले. तिथल्या विद्यार्थ्यांचे प्रबंध डोंगरावरच्या टॉवरवर आणि ग्रामपंचायतीच्या कचेरीत तपासले गेले. एरोस्पेसलाही हा जिल्हा उपयोगी आहे. समुद्रकिनाऱ्यापासून जव्हारच्या पठारापर्यंतची उंचसखल जमीन, पावसाळ्यातला वारा, दुर्गम पाड्यांना औषध पोचवण्याची गरज, हे ड्रोन आणि फुग्यांच्या चाचणीसाठी खरे प्रश्न आहेत.

म्हणून पालघरचे सेंट जॉन, बोईसरचे थीम, वसईचे विद्यावर्धिनी अशा महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांकडे वेगळ्या नजरेने पाहावे, असे सुचवावेसे वाटते. एक लहानसा कमी वेगाचा वाऱ्याचा बोगदा प्लायवूड, पंखा आणि मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी यांतून विद्यार्थी स्वतः उभारू शकतात. त्यात बल मोजणारा तराजूही त्यांनीच बनवावा आणि त्याच्या चुका किती आहेत हे वहीत मांडावे. गेट फेब्रुवारीत असते, तिचे अर्ज आधीच्या पावसाळ्याच्या अखेरीस निघतात, आणि एरोस्पेसचा स्वतंत्र पेपर २००७ पासून असला तरी मेकॅनिकलच्या पेपरावरही अनेक ठिकाणी अर्ज करता येतो. प्रवेशाआधी विभागाला भेट द्यावी, चालू विद्यार्थ्यांना गाठावे आणि तीन गोष्टी विचाराव्यात : हे यंत्र शेवटचे कधी चालले, ते कोणी चालवले, आणि गेल्या दोन वर्षांत त्यावर किती प्रबंध झाले. उत्तर देणारा विद्यार्थी आपल्याला उठवून त्या खोलीत घेऊन गेला, तर अर्ज तिथे करावा.

आणि अणुऊर्जा केंद्र चालवणारी एनपीसीआयएल, भाभा केंद्राच्या तारापूरच्या शाखा, एमआयडीसीतले मोठे कारखाने इथे दहा-दहा वर्षे काम केलेले जे अभियंते आहेत, त्यांनी बाहेरून पीएच.डी.ची नोंदणी करण्याचा विचार जरूर करावा. वाफ-पाण्याच्या मिश्रणाचा (द्विकला) प्रवाह, कंपन, वेल्डमधल्या भेगांची वाढ, उच्च तापमानातले धातू असे त्यांच्या रोजच्या कामातले प्रश्न पवईच्या स्ट्रक्चर्स आणि प्रोपल्शन शाखांत अभ्यासले जातात. प्रवेशाच्या मुलाखती वर्षातून दोनदा होतात, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात.